वादी गैरहजर

"त्या एका दिवसात मी एक्केचाळीस दावे निकाली काढले, पूर्णविराम," असं मी मोबाइलला सांगत होतो. तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला, "त्यातला एक आमचा व्हता, साहेब."

मी दचकलो. शिडीवर एसीवाला उभा होता, जाळी काढून फडक्याने पुसत होता. अर्धा तास तो तिथेच होता आणि मी त्याला जमेतच धरलं नव्हतं. सुजीतच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या, आखातातल्या या अल बर्शाच्या घरात अशी माणसं रोज येतात, काम करतात, जातात. त्यांच्याशी हिंदीत बोलायचं असतं. हा मराठी निघाला.

"कोण रे तू?"

"महादू पवळे. ठकुबाई किसन पवळेचा पोरगा. तुमच्या कोर्टात नऊ साल आमचा घराचा दावा चालला. चुलत्यानं आईला घराभाईर काढली, त्याचा."

मला काही आठवेना. आठवणार कसं? मी अकरा वर्षं वकिली केली आणि बावीस वर्षं न्यायाधीश होतो. त्या बावीस वर्षांत किती ठकुबाया माझ्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या असतील, याची गणती कोण ठेवतो?

"मग? काय झालं त्याचं?"

"काडून टाकला की तुम्ही. त्या दिवशी आई गैरहजर हाय म्हणून." त्याने जाळीवर फुंकर मारली. "पर ती हजर व्हती साहेब. जुन्या कोर्टाच्या पायरीवर. सकाळपासनं पाचपतुर."

मोबाइलच्या पडद्यावर माझ्या वाक्याखाली नवं वाक्य उमटलेलं होतं: त्यातला एक आमचा होता साहेब. बोललेलं आपोआप टाइप करणारी ती सोय, तिला न्यायाधीश कोण आणि एसीवाला कोण, काय कळणार? मी ते वाक्य खोडलं.

आता तुम्हाला त्या दिवसाबद्दल सांगायला हवं. त्या तालुक्याचं नाव मी घेत नाही. कोर्ट जुन्या कौलारू इमारतीत होतं, गळायचं. मी वरती चार वर्षं पत्रं लिहून नवी इमारत मंजूर करून घेतली, गावाबाहेर, बायपासला, दोन मैलांवर. तिथल्या पहिल्या दिवशी मी ठरवलं होतं की कामाचा झपाटा दाखवायचा. आम्हा न्यायाधीशांना महिन्याचा ठरावीक कोटा असतो, अमुक इतकी प्रकरणं निकाली काढलीच पाहिजेत, आणि बढती त्यावर ठरते. शिपाई दारात उभा राहून पुकारा करायचा. तीनदा नाव घ्यायचं. वादी आला नाही आणि प्रतिवादी आला असेल, तर दावा काढून टाकायचा. कायदाच आहे तसा, माझ्या घरचा नियम नव्हे. एक्केचाळीसपैकी तेवीस दावे त्या दिवशी असेच निघाले. जिल्हा न्यायाधीशांनी फोन करून पाठ थोपटली होती.

"नोटीस लावली होती," मी महादूला सांगितलं. "जुन्या इमारतीच्या दारावर. कोर्ट हलवलं आहे म्हणून. पंधरा दिवस आधी."

"लावली आसंल. आईला वाचता येत न्हाई."

"मग कुणाला विचारायचं!"

"कुनाला इचारनार? शिपाई तुमच्यासंगं नव्या कोर्टात. दार बंद दिसलं, तिला वाटलं साहेब रजेवर हायेत. न्हेमीच आसायचे. मंग तारीख मिळायची. तशी बसून ऱ्हायली."

"तुमचा वकील काय करत होता?"

"त्यो त्या दिवशी जिल्ह्याला."

"तीस दिवसांत अर्ज करता येतो, दावा परत लावून घ्या म्हणून. कायद्याने सोय ठेवलेली असते. लोक झोपा काढतात आणि न्यायाधीशाला शिव्या देतात."

"व्हय साहेब," असं म्हणून त्याने जाळी परत बसवली. मला वाटलं विषय संपला. पण तो शिडीवरून उतरला आणि फडकं घडी घालत म्हणाला, "साहेब, आई लई आजारी हाय. गावाकडं दर्शनाकडं, माझ्या बहिणीकडं आसती. एकदा फोनवर बोलता का तिच्याशी?"

"काय बोलू?"

"तुम्ही काय नका बोलू. तिला सांगायचंय तुम्हाला, ती तिथं व्हती म्हणून. इतकंच."

"न्यायाधीश पक्षकाराशी खाजगीत बोलत नसतो."

"आता तर रिटायर झालाव."

"तरी नाही!"

माझा आवाज चढला असणार, कारण नात बाहेर आली. ईशानी, नऊ वर्षांची. "आजोबा, इज एव्हरीथिंग ओके?" मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आमचा तह झालेला आहे. महादू शिडी खांद्यावर टाकून निघून गेला.

हे सगळं लिखाण सुरू झालं ते इलोनामुळे. इलोना ही चौथ्या मजल्यावरची हंगेरियन म्हातारी. तिची मुलगी इथे शाळेत शिकवते. आम्ही दोघं संध्याकाळी खालच्या तरणतलावापाशी बसतो, दोघांनाही पोहता येत नाही. एकदा तिने हिरव्या कापडी बांधणीचं जुनं पुस्तक आणून दाखवलं. तिच्या खापरपणजोबांचं चरित्र. एकोणिसाव्या शतकातला माणूस: आधी वकील, मग न्यायाधीश, मग तिकडच्या संसदेत निवडून गेलेला पुढारी. आतल्या फोटोत कल्लेदार मिशा आणि छातीवर पदक. मी म्हटलं, अरेच्चा, हा तर मीच. वकील झालो, न्यायाधीश झालो, निवृत्तीनंतर नगराध्यक्षपदाला उभासुद्धा राहिलो. फरक एवढाच की तो निवडून आला आणि मला चारशे बारा मतं पडली, अनामत जप्त झाली. ज्या गावात बावीसपैकी सहा वर्षं न्याय दिला, त्या गावाने मला चारशे बारा मतं दिली! त्या रात्री प्रमिला, माझी बायको, म्हणाली होती, "अहो, लोकांना तुम्ही लक्षात असाल. म्हणूनच नसतील दिली." मी चार दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. आता ती नाही. पण तो टोमणा अजून बोचतो.

तर मीही आत्मचरित्र लिहायला घेतलं. सुजीतला आनंद झाला. बाबा दिवसभर सोफ्यावर बसून चॅनेल बदलण्यापेक्षा बरं. त्याने पुण्यात छापायची व्यवस्था केली, इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात प्रकाशन ठरवलं, ऑफिसात प्रूफं छापून आणून दिली. 'नवी इमारत' हे प्रकरण सगळ्यात रंगलं होतं. तेवढंच थोडं वाढवायचं राहिलं होतं.

चार दिवसांनी एसीतून पाणी गळायला लागलं आणि महादू परत आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मी त्याच्याकडे बघायचंच टाळलं. त्याने नळी साफ केली, हात धुतले आणि खिशातून फोन काढला.

"साहेब, तुम्ही म्हणालाव अर्ज का न्हाई केला. केला व्हता. वकिलानं दोन महिन्यांनी सांगितलं आईला, तवा केला. ह्यो बघा तुमचा निकाल. आईनं नक्कल जपून ठिवलीया, दर्शनानं फोटू पाठवला."

मी चष्मा लावला. पिवळा पडलेला कागद, टाइपरायटरची अक्षरं, खाली माझी सही. सही तर मी झोपेतही ओळखीन.

'अर्जदाराचे म्हणणे असे की ती दिवसभर जुन्या इमारतीबाहेर बसून होती. सदर म्हणणे विश्वासार्ह वाटत नाही. विलंबास समाधानकारक कारण नाही. अर्ज फेटाळण्यात येतो.'

चार ओळी. तिने पाच पानांचा अर्ज केला असेल आणि मी चार ओळींत वासलात लावली होती. सगळ्यात वाईट काय सांगू? ते वाचूनही मला काही आठवेना. तिचा चेहरा नाही, अर्ज नाही, तो दिवसही नाही. निदान आठवलं असतं तर मी स्वतःशी भांडलो तरी असतो.

"तिला घराचं काय न्हाई आता," महादू म्हणाला. "चुलता मेला, घर बी पडलं. पर ह्ये 'विश्वासार्ह न्हाई' हाय ना, ह्ये तिच्या डोक्यातनं जात न्हाई. नक्कल वाचायला लावती आन् म्हणती, मी खोटं बोलली म्हणून लिवलंय रे साहेबानं. तिच्यासंगं आनखी दहा-बाराजण व्हती म्हणती त्या पायरीवर. डागदर म्हणतो थोडंच दिस हायेत. मी रजा मागितली. फोरमन नुसता इन्शाल्ला म्हणतो."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "बघू."

महादू हसला. हसण्यात राग नव्हता, तेच मला झोंबलं. "तारीख दिली म्हणा की साहेब," असं बोलून तो गेला.

त्या संध्याकाळी सुजीत ऑफिसातून आला तो तावातावानेच. ईशानीने त्याला सांगितलं होतं की एसीवाला अंकल आजोबांना फोनमध्ये काहीतरी दाखवत होता आणि आजोबा अपसेट झाले.

"बाबा, तो तुम्हाला हॅरॅस करतोय का? एक तर तुमचं बीपी! मी अ‍ॅपवर कम्प्लेंट टाकतो, दुसरा माणूस पाठवतील. यल्ला, खलास, विषय संपला."

मी म्हणायला हवं होतं की नको. साधे दोन शब्द होते. मी टीव्हीकडे बघत राहिलो. सुजीतने तिथेच बसून बोटाने टकटक करून तक्रार टाकली, जेवणाची ऑर्डर द्यावी इतक्या सहज.

दोन दिवसांनी खालच्या वॉचमनला, वासिफला विचारलं. तो म्हणाला, "महादू? उसका कम्प्लेंट आया ना सर, कंपनीने उसको जबल अली भेज दिया, वेअरहाउस में. बहुत गर्मी है उधर. अच्छा आदमी था." मला कळत होतं की कुणाच्या तक्रारीमुळे, आणि त्यालाही कळत होतं. महादूला त्याची बाजू मांडायला कुणी बोलावलं नसणार. न ऐकताच निकाल लागला. पुन्हा माझ्याच घरातून.

त्या दिवशी मी इलोनाला विचारलं, "तुमच्या खापरपणजोबांबद्दल गावात काय आठवतात लोक?"

ती तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "एका गिरणीवाल्याला त्यांनी चुकीची शिक्षा दिली होती. अजून आमच्या गावात पोराने काही न करता मार खाल्ला की आई म्हणते, याला न्यायाधीशसाहेबांनी शिक्षा दिली."

"बाकी काही नाही? संसद? पदक?"

"नाही. बाकी काही नाही."

"आणि हे गिरणीवाल्याचं पुस्तकात आहे?"

"छे! पुस्तक त्यांच्या मुलाने लिहिलंय." आणि ती मोठ्याने हसली. मला हसू आलं नाही.

रविवारी सकाळी मी सुजीतला सांगितलं, जरा पाय मोकळे करून येतो. वासिफने महादूचा नंबर आणि कामगारांच्या कॅम्पचं नाव कागदावर लिहून दिलं होतं. मेट्रोने गेलो, पुढे टॅक्सी केली. पिशवीत 'नवी इमारत' प्रकरणाची प्रूफं होती. कशाला घेतली होती देव जाणे, वकिलाला कागदाशिवाय घराबाहेर पडता येत नाही. मेट्रोत मी मनात एक वाक्य घोकत होतो: ठकुबाई, माझी चूक झाली, मला क्षमा करा. बावीस वर्षांत मी हे वाक्य कुणाला म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते तोंडात बसत नव्हतं.

कॅम्पच्या गेटसमोर एक कॅफेटेरिया होता, बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. महादू धावतच आला. दुपारच्या शिफ्टला जायचं होतं, ओव्हरऑल अंगात होता. चेहरा उन्हाने करपला होता.

"साहेब, तुम्ही? हितं?"

"तुझी बदली आमच्या तक्रारीमुळे झाली," मी म्हणालो.

"ठावं हाय साहेब." त्याने माझ्यासाठी कडक चहा सांगितला. "बसा. लांबनं आलाव."

"आईला फोन लाव."

त्याने बॉटिम हे अ‍ॅप उघडून व्हिडिओ कॉल लावला. दर्शनाचा चेहरा आला, मग छत, मग एक अंधारी खोली, खाट आणि खाटेवर हाडांचा सापळा. डोळे मात्र लख्ख.

"आये, साहेब आल्यात. कोर्टातले साहेब."

तिने डोळे बारीक केले. "केस गेलं की वो साहेब तुमचं," ती म्हणाली.

माझं घोकलेलं वाक्य राहूनच गेलं. त्याऐवजी मी काय केलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी खुर्चीवरून उठलो. ताठ उभा राहिलो आणि बावीस वर्षं दारातून ऐकलेला तो पुकारा मी स्वतः केला. जन्मात पहिल्यांदा.

"दिवाणी दावा! वादी ठकुबाई किसन पवळे, हाजिर हो!"

कॅफेटेरियातली पाच-सहा माणसं वळून बघायला लागली. कुणी पठाण, कुणी मल्याळी, कुणाला काही कळलं नसेल. खाटेवर काही हललं नाही.

"ठकुबाई किसन पवळे, हाजिर हो!"

दर्शना तिच्या कानाशी काहीतरी बोलली. मी तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा माझा आवाज फाटला. ठकुबाईने हात वर केला. काडीसारखा हात, बांगडी कोपरापर्यंत घसरली.

"हाय जी! हाय! हितंच हाय. सकाळपासनं हितंच हाय मी."

मी खाली बसलो. पिशवीतून प्रूफांचा एक कागद ओढला, उलटा केला आणि लिहायला लागलो.

"लिवलं का साहेब?" तिचा हात अजून वरच होता.

"लिहिलं."

"वाचून दाखवा."

"वादी ठकुबाई किसन पवळे ही जुन्या इमारतीच्या पायरीवर सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत हजर. तिचे म्हणणे खरे आहे."

"खरं हाय लिवलंया?"

"लिहिलंय."

मग तिने हात खाली घेतला. मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. माझं वाक्य मी पुन्हा जुळवत होतो. पण तिचं संपलं नव्हतं.

"माझ्या शेजारी हरणाबाई कोळी व्हती. तिला बी घाला. आन् त्यो तांबोळी, येका पायानं लंगडा, महम्मद. मी भाकर आनली व्हती, तिघांनी खाल्ली. आन् धनगराचा म्हातारा, त्याचं नाव नानू. त्यो तर उन्हानं चक्कर यून पडला. समदी हजर व्हती. लिवा."

मी लिहीत गेलो. ती नावं सांगत होती, मधेच धाप लागून थांबत होती, परत सांगत होती. अकरा नावं. तेवीस दाव्यांपैकी अकरा माणसं त्या पायरीवर बसलेली होती, एकीची भाकरी तिघांत वाटून खात होती. आणि मी दोन मैलांवर नव्या पंख्याखाली त्यांना एकेक करून गैरहजर ठरवत होतो.

"खाली सही करा," ती म्हणाली.

मी सही केली. सवयीने पेन खाली वळलं, पद लिहायला. तिथे मी काही लिहिलं नाही.

"ठकुबाई," मी म्हणालो, "माझी..."

"ऱ्हाऊ द्या साहेब, दमले मी आता." तिने मान वळवली. "दर्शे, बंद कर." आणि पडदा काळा झाला. तिचं काम झालं होतं. माझी माफी तिला नको होती, ती माझी मलाच उरली.

महादूने विचारलं, "नक्कल मिळंल का साहेब?"

"मूळच घे," मी म्हणालो.

त्याने कागद उलटा करून बघितला. छापलेल्या बाजूला माझ्या एक्केचाळीस दाव्यांचं वर्णन होतं. त्याने ती बाजू आत करून कागदाच्या चार घड्या घातल्या आणि गळ्यातल्या पाकिटात ओळखपत्रामागे ठेवला.

गेटपाशी कंपनीची बस लागली होती. फोरमन यादी घेऊन एकेकाचं नाव पुकारत होता. तिथे नाव एकदाच घेतात. महादू चहा तसाच टाकून पळत गेला आणि रांगेच्या टोकाला उभा राहून त्याने हात वर केला.